ईशूला ताईकडे जायचंय

पूनम सागर, मीरा रोड
१२ जानेवारी २०२५

ती. आशाताई,

नमस्कार. वाकून करायचा तो मनातल्या मनात केला आहे. सध्या वाकलं की उजवा हात गळ्यातल्या झोळीतून घसरतो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

तुमची तब्येत बरी असेल. गुहागरला यंदा थंडी आहे असं ऐकलं. संध्याकाळी अंगणात बसत असाल तर कान बांधून बसा, तुमचा कान लगेच ठणकतो. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा एकावर ठेवायचा, एवढीच. पण खिडकीतून हायवेची धूळ येते ती बाराही महिने.

अक्षर बघून दचकू नका, माझंच आहे. प्लास्टर निघाल्यापासून अल्पेश नावाचा फिजिओथेरपिस्ट घरी येतो. हात वाकवतो, सरळ करतो, मी ओरडते, तो म्हणतो, "बस आंटी, हो गया," आणि झालेलं नसतं. त्यानेच सांगितलं, रोज एक पान हाताने लिहायचं, बोटं आणि मनगट आखडता कामा नये. काय लिहू, विचारलं. म्हणाला, "रामनाम लिखो, नहीं तो किसी को चिट्ठी लिखो." रामनाम लिहून पाहिलं. दुसऱ्या ओळीलाच मन भलतीकडे गेलं. मग चिठ्ठी कोणाला लिहावी ह्याचा विचार करताना तुमच्याशिवाय कोणी आठवेना. फोन तर तुम्ही माझा उचलत नाही. पोस्टमनला परत पाठवणार नाही एवढी आशा आहे.

ऑपरेशनचं सांगते. तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आलं असेल. कोपराच्या टोकाचं हाड तुटून सरकलं होतं. प्लेट आणि स्क्रू बसवले आहेत. मला वाटलं होतं पूर्ण झोपवतील, पण भूल दिली ती फक्त हाताला. हिरव्या पडद्यापलीकडे ड्रिल चालल्याचा आवाज, मध्येच ठोकाठोकी, आणि डॉक्टर एकमेकांशी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकबद्दल बोलताहेत. शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चाललंय आणि आपण इकडे पडून ऐकतोय, तसं वाटत होतं. त्याआधी पाटल्या कापाव्या लागल्या. हात इतका सुजला होता की साबण लावूनही निघेनात. तुम्ही लग्नात माझ्या हातात घातलेल्या त्या पाटल्या. नर्स कटर घेऊन आली तेव्हा मी तोंड फिरवलं. सोनार म्हणतो, आटवून पुन्हा तशाच करता येतील. अजून दिलेल्या नाहीत.

हात आता माझं ऐकत नाही. सरळ होत नाही आणि पुरता वाकतही नाही. घास उचलला की तोंडापासून थोडा अलीकडे येऊन थांबतो, मग मीच मान पुढे करून त्याला गाठते. डाव्या हाताने जेवायची लाज वाटते, घरात कोणी नसलं तरी. अंबाडा समोरच्या हेमालीबेन घालून देतात. इतका घट्ट घालतात की भुवया वर चढतात. त्यांना सांगवत नाही.

कशी पडले ते क्षितिजाने तुम्हाला सांगितलंच आहे. बाथरूमच्या उंबऱ्याशी ओलं होतं, पाय घसरला. ह्या वयात बायका पडतातच. बरं झालं हेमालीबेन तेव्हाच लिफ्टमधून बाहेर येत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि पुढचं सगळं केलं.

आता ह्यांच्याबद्दल. हे घोडबंदरला आहेत ते ठिकाण चांगलं आहे. तुम्ही मनात आणलंय तसं ते नाही. खाडीच्या बाजूला बैठं घर आहे, आवारात चिंच आहे, विसरभोळेपणाच्या ह्या आजाराची दहा-बारा माणसं आहेत, काही नुसती म्हातारी आहेत. सांभाळायला बायका-पुरुष आहेत. क्षितिजा पुण्याहून दर शनिवारी येते, तशी जाऊन बघून येते. मी अजून गेलेले नाही. रिक्षाचे धक्के हाताला सोसत नाहीत.

"हात मोडल्याचं निमित्त झालं आणि तुझ्या आईने नवऱ्याला टाकून दिलं," असं तुम्ही क्षितिजाला म्हणालात. तिने मला सांगितलं नाही. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी बसून तिने सोललेलं संत्रं खात होते.

ताई, एका हाताने ह्यांना आंघोळ घालता येत नाही. दाढी करता येत नाही. चपला उलट्या घातल्या तर खाली बसून सरळ करून देता येत नाहीत. हात बरा होईपर्यंतच ठेवलं आहे. एवढंच.

पान संपलं. अल्पेश खूश होईल, दोन झाली.

संक्रांतीचा तिळगूळ ह्या वर्षी केला नाही. तोंडी गोड मानून घ्या.

तुमची भावजय,
मृणालिनी


पूनम सागर, मीरा रोड
११ फेब्रुवारी २०२५

ती. आशाताई,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. मजकूर थोडाच, पण तुमचं अक्षर अजून शाळेच्या फळ्यावरच्यासारखं. 'बाथरूममध्ये पडलीस तर लिफ्टमधून येणाऱ्या बाईला कशी दिसलीस? खोटं बोलतेस. होळी झाली की गाडी करून येते. ईशूचे कपडे बांधून ठेव. माझ्या भावाला सांभाळायला मी अजून मेलेली नाही.'

कार्ड वाचून टेबलावर ठेवलं आणि फ्रीजमधलं दूध तापवायला घेतलं. दूध उतू गेलं. मग पुन्हा वाचलं.

जन्मभर मुलांची गणितं तपासलीत, तुमच्यापासून काय लपणार? पण मी लपवलं ते तुमच्यापासून नव्हे. म्हणजे तुमच्यापासूनही, पण मुख्य म्हणजे क्षितिजापासून. हे पत्र वाचलंत की ते तिच्या कानावर जाऊ देऊ नका, एवढं मागते. आणि वाचताना बसून वाचा.

त्या दिवशी दुपारची जेवणं झाली होती. सकाळपासून ह्यांनी पिशवी भरून ठेवली होती. त्यात एक बनियन, टीव्हीचा रिमोट, आणि ड्रॉइंगच्या पेन्सिलींचा डबा. "ताईकडे जायचंय." हे रोजचंच. मला आता त्याची तऱ्हा माहीत होती. 'गुहागरची गाडी उद्या आहे' म्हटलं की "उद्या का? बरं," म्हणून परत खुर्चीत बसायचे आणि बोटाने टेबलावर रेघा मारत राहायचे. ड्राफ्ट्समनच्या नोकरीत आयुष्यभर मारल्या तशाच, सरळ, कोपऱ्याशी काटकोनात वळणाऱ्या.

त्या दिवशी नाही बसले. दारापाशी गेले, कडी काढायला लागले. मागे एकदा असेच निघून गेले होते ते काशीमिऱ्याच्या नाक्यावर सापडले, पायांत काही नाही, समोरून ट्रक चाललेले. तेव्हापासून मी वरची कडी लावून ठेवत होते. ती त्यांना सापडत नसे. त्या दिवशी सापडली. दार उघडलं, आणि मी मध्ये जाऊन चौकटीत उभी राहिले.

"बाजूला व्हा," म्हणाले.

"अहो, उद्या जाऊ. आज गाडी नाही."

"तुम्ही कोण? मला का कोंडून ठेवलंय?"

"मी मृणालिनी."

ताई, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण रस्त्यात अंगावर आलेल्या माणसाकडे पाहतो. म्हणाले, "मृणालिनी ऑफिसला गेलीय. ती आली की सांगतो तिला तुमचं."

आणि मला ढकललं. जोरात. मी मागच्या मागे पॅसेजमध्ये पडले, जिन्याच्या पहिल्या पायरीच्या कडेवर कोपर आपटलं. तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. ओली फांदी मोडताना होतो तसा.

पुढचं ऐका. हे पिशवी टाकून धावत आले. घाबरून ओरडायला लागले, "अहो, बाई पडल्या! कोणीतरी या, ह्या बाई पडल्यात!" तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि हेमालीबेन भाजी घेऊन बाहेर आल्या. हे त्यांना म्हणाले, "ह्यांना फार लागलंय. ह्यांच्या घरच्यांना कळवा हो." खिशातला रुमाल काढून घडी केली आणि माझ्या कोपराखाली हळूच सरकवला. माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसले. "थोडं सहन करा. येतील हं तुमचे मिस्टर."

कोणी ढकललं ते त्यांना ठाऊक नव्हतं. अजूनही नाही.

हेमालीबेननी सगळं ओळखलं असणार. हॉस्पिटलमध्ये सही करताना त्यांना डॉक्टरांनी विचारलं, कैसे गिरी? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाथरूममध्ये. त्या म्हणाल्या, "हां, बाथरूम में." नंतर मला एकदाच म्हणाल्या, "भाभी, मैंने कुछ नहीं देखा. आप जब बोलोगे तब देखा."

तुम्ही म्हणाल, लपवायचं काय त्यात? आजारी माणूस आहे. पण ताई, एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नाही. माझी शिफ्ट असायची तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजच्या दाराशी छत्री घेऊन उभे राहायचे, बाकीच्या बायका हसायच्या मला. क्षितिजा तापाने फणफणली की रात्रभर हेच जागायचे, मला सकाळी कामावर जायचं म्हणून. अशा माणसाची एकच गोष्ट लोकांच्या तोंडी उरली असती, बायकोला ढकलून तिचा हात मोडला. क्षितिजाने बापाकडे पुन्हा कधी नुसत्या मायेने बघितलं नसतं. तिच्या नजरेत मोजमाप आलं असतं. ते मला नको होतं.

म्हणून मी पाय घसरवला.

तुम्ही होळीनंतर येणार म्हणता. तुमचा हक्क आहे. आई गेली तेव्हा ईशू चार वर्षांचा होता, तुम्ही त्याला वाढवलंत, त्याच्यासाठी स्वतःचं लग्न लांबवलंत, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनीच सांगितलं होतं. तुम्हाला नाही म्हणायला मला तोंड नाही. पण तुम्ही एकट्या राहता. अंगणात विहीर आहे, तिचा कठडा गुडघ्याएवढा. तुमची कंबर आधीच धरलेली. त्यांनी तुम्हाला ओळखलं तर ठीक. एखाद्या दुपारी नाही ओळखलं तर? ती दुपार कधी येते ते आधी कळत नाही, ताई. मी रोज बरोबर राहूनही मला कळली नाही.

आणि एक आहे. ते लिहायचं नव्हतं, पण आता लिहितेच. मला त्यांची भीती वाटते. घरात कोणी नसताना दाराची कडी वाजली तरी माझा मोडका हात आपोआप छातीशी येतो. ज्या माणसाशेजारी आयुष्यभर निर्धास्त झोपले, त्याची भीती. हे सांगू कोणाला? सांगितलं तर लोक म्हणतील, बरोबर आहे. मला ते बरोबर आहे असं कोणी म्हणायला नको आहे.

कपडे बांधलेले नाहीत. रागवा, पण येऊ नका त्यांना न्यायला.

मृणालिनी


पूनम सागर
२२ फेब्रुवारी २०२५

ती. आशाताई,

तुमचा फोन आला तेव्हा स्क्रीनवर नाव बघूनही खरं वाटेना. तुमच्या मागे कोणीतरी नारळ सोलत होतं, ते ऐकत राहिले. मग तुम्ही म्हणालात, "दुखतंय का गं अजून?" आणि मी हो म्हणेपर्यंत फोन ठेवलात.

दुखतं. रात्री जास्त. पण अल्पेश म्हणतो, दुखतंय म्हणजे सुटतंय. काल पहिल्यांदा चमचा तोंडापर्यंत पोचला. आमटीचा होता, अर्धी सांडली. हेमालीबेननी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यापासून रिक्षाने जायची परवानगी दिलीय. घोडबंदरला जाणार आहे.

फोनवर ऐकला तो नारळ इथे पोचला असता तर वडी केली असती, असं उगाच मनात आलं.

मृणालिनी


पूनम सागर, मीरा रोड
३१ मार्च २०२५

ती. आशाताई,

नमस्कार. आता थोडं वाकता येतं, म्हणून हा खराच केला, टेबलाशी उभं राहून.

काल पाडवा झाला. ह्यांना घरी आणलं होतं. ते सगळं तुम्हाला सांगायचं आहे, पण आधी मी घोडबंदरला गेले त्या दिवसाचं सांगावं लागेल, नाहीतर कालचं कळायचं नाही.

शेवटी रिक्षाने नाही, क्षितिजाच्या गाडीतून गेले. हे चिंचेखाली खुर्चीवर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. थोडे भरले आहेत. शेजारी एक म्हातारी बसली होती, लालबुंद लुगडं, कपाळावर मोठं कुंकवासारखं गोंदण, पाय दोन्ही सुजलेले. आणि ती ह्यांना भाताचे घास भरवत होती. हे निमूट खात होते. माझ्या हातून खाताना शेवटी शेवटी मान फिरवायचे, तेच हे.

क्षितिजा म्हणाली, "बाबा, आई आलीय." त्यांनी मला नमस्कार केला. दोन्ही हात जोडून, नीट. मग माझ्या झोळीकडे पाहून म्हणाले, "हाताला काय झालं?"

"पडले."

"जपा हं. ह्या वयात हाड लवकर सांधत नाही." आणि म्हातारीकडे वळून म्हणाले, "ताई, पाणी."

ताई, मी तुमच्यासाठी दचकले. माझ्यासाठी नंतर.

त्यांना आत नेलं तेव्हा मी त्या बाईंशी बोलले. जिजाबाई नाव. राई गावच्या आहेत, कोळ्यांच्या घरातल्या. मुलगे भाईंदरला फ्लॅटमध्ये राहतात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिजाबाईंना जिने चढता येत नाहीत म्हणून इथे. डोकं अगदी लख्ख आहे. मी विचारलं, ते तुम्हाला ताई म्हणतात?

म्हणाल्या, "मी त्याची ताई न्हाय, ते मला ठावं हाय. पयल्या दिशी आला तवा दाराशी रडत हुता, ताईकडं जायचा हाय, ताईकडं जायचा हाय. कोनाचं ऐकंना. मी बोलले, आरं मीच ताई. आलास ना आता? बस. तं बसला." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "तू बायको हायस ना त्याची? वायीट नको वाटून घेऊ. मी काय तुज्यापासून न्हेला न्हाय त्याला."

मला वाईट वाटलंच. त्यांच्यावर राग आला नाही, तरी वाटलंच. परत येताना क्षितिजा बोलत होती, मी मिठागरांकडे बघत होते. मी वरची कडी लावून, औषधं वेळेवर देऊन, 'उद्या गाडी आहे' सांगून जे केलं नाही ते ह्या बाईने एका वाक्यात केलं होतं. त्यांना जिथे जायचं होतं तिथे ते पोचले होते.

घरी येऊन मी क्षितिजाला म्हटलं, हात बरा होतोय, पाडव्याला ह्यांना आणू. आधी एक दिवस. जमलं तर मग कायमचं. ती नको म्हणाली. मी ऐकलं नाही. तुम्हाला शब्द दिला होता, हात बरा होईपर्यंतच म्हणून. आणि मला बघायचं होतं, भीती वाटते का अजून.

काल सकाळी क्षितिजाने गुढी उभारली. ह्यांना घेऊन आली तेव्हा मी दाराशी ओवाळायला ताम्हण धरलं होतं, दोन्ही हातांनी. उजव्या हाताने ताम्हण धरता येतं हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी चपला काढल्या, रांगेत लावल्या. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले, दुसऱ्याच्या घरी आपण बसतो तसे. चहा दिला तर "कशाला त्रास घेतलात," म्हणाले. घरभर नजर फिरवली. "छान आहे घर. उजेड चांगला येतो."

हेच घर घेताना त्यांनी बिल्डरच्या माणसाकडून नकाशा मागून घेतला होता, आणि रात्री बसून सांगितलं होतं, ही खिडकी पूर्वेला येते, इथे तुझा ओटा, इथे उजेड पडेल.

मग उठून गॅलरीत गेले. गुढीकडे बराच वेळ पाहिलं. "काठी ओळंब्यात नाही," म्हणाले. आणि स्वतः ती सरळ केली, दोरी सोडून, एक डोळा मिटून, पुन्हा बांधली. त्या क्षणी ते माझे होते, ताई. पाठमोरे होते म्हणून असेल. मी मनात ठरवूनही टाकलं, की ह्यांना आता परत पाठवायचं नाही.

जेवायला श्रीखंड-पुरी केली होती. पुऱ्या मी लाटल्या, वेड्यावाकड्या झाल्या. आवडीने जेवले. हेमालीबेन येऊन गेल्या, त्यांना ओळखलं नाही पण हसले. जेवण झाल्यावर त्यांनी हात पुसला, पंच्याची घडी केली आणि उभे राहिले.

"चला, निघतो. ताई वाट बघत असेल."

क्षितिजा म्हणाली, "बाबा, आज इथेच राहायचंय."

"नको नको. ताई जेवायची थांबते माझ्यासाठी."

"बाबा, हे तुमचं घर आहे."

त्यांचा चेहरा बदलायला लागला. मला तो बदल ओळखू येतो. क्षितिजाला येत नाही, ती त्यांचा दंड धरून समजावत राहिली. ते दाराकडे सरकले, हात कडीकडे गेला, आणि माझा हात आपोआप छातीशी आला. म्हणजे भीती होती. तशीच होती. एवढे महिने हाताला शेक दिला, मालिश केली, घाम फुटेपर्यंत वाकवला, पण त्या भीतीला कोणी हात लावलेला नव्हता.

पण मी ह्या वेळी चौकटीत उभी राहिले नाही. क्षितिजाला म्हटलं, "सोड त्यांना." ती बघत राहिली. मी पुढे गेले आणि मीच वरची कडी काढली. दार सताड उघडलं आणि बाजूला झाले.

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. चपला घातल्या, सरळ घातल्या. मग वळून माझ्यापुढे हात जोडले. "जेवण फार छान होतं, वहिनी. येतो हं."

मी म्हटलं, "पुन्हा या."

"येऊ की. मिस्टरांना सांगा, भेट राहिली."

"सांगते," म्हटलं.

क्षितिजा त्यांना घेऊन लिफ्टने खाली गेली. मी गॅलरीतून बघितलं नाही. भांडी घासायला घेतली, उजव्या हाताने, दुखेपर्यंत.

संध्याकाळी ती परत आली. म्हणाली, "आई, तू बाथरूममध्ये पडली नव्हतीस ना?" मी दारात छातीशी हात कसा घेतला, ते तिने पाहिलं होतं. तिने माझं कोपर आपल्या मांडीवर घेतलं आणि जखमेच्या वणावर तेल चोळत बसली. तिने बापाला बोल लावला नाही, ताई. रडली, पण बोल लावला नाही. मी उगाच एवढे दिवस तिची राखण केली. ती माझ्याहून मोठी झाली आहे.

आज सकाळी घोडबंदरला फोन करून सांगितलं, हे आता तिथेच राहतील. कायमचे. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लगेच लिहायला बसले. तुम्ही जे म्हणाला होतात ते आता खरं झालं आहे, असं तुम्हाला वाटलं तर मी वाद घालणार नाही. एवढंच सांगते की मी त्यांना टाकलं नाही. त्यांना जायचं होतं, मी दार उघडलं. ह्या दोन्हींत फरक आहे की नाही, हे मला कधी कधी कळेनासं होतं. दुपारी कळतं, संध्याकाळी कळत नाही.

आणि तुम्ही विचारण्याआधीच सांगते. हॉस्पिटलात पहिल्या रात्री, हात मोडलेला, सुया टोचलेल्या, तरी मी गाढ झोपले. कितीतरी महिन्यांनी. कोणी उठून दाराकडे जाणार नव्हतं. सकाळी जागी झाले आणि इतकं शांत वाटलं की मला स्वतःचीच शरम वाटली. हाताचं दुखणं त्यापुढे काही नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, कोपर ह्यापुढे पूर्ण सरळ होणार नाही. थोडा बाक राहील. त्याने काही अडत नाही म्हणतात.

ताई, तुम्ही या. त्यांना न्यायला नाही, नुसत्या या. माझ्याकडे राहा. आपण दोघी मिळून घोडबंदरला जाऊ. पण येण्याआधी मन घट्ट करा, मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी तुम्हाला सांगते आहे. तुम्ही समोर उभ्या राहाल, आणि ईशू तुम्हाला नमस्कार करेल, प्रवास कसा झाला विचारेल, आणि पाणी मागायला दुसऱ्याच बाईला ताई म्हणून हाक मारेल. तेव्हा माझा हात धरा. डावा धरा, उजव्यावर अजून भार घेता येत नाही.

तुम्हाला हाक मारणारा कोणी उरला नाही आणि मलाही. म्हणून मी मारते आहे. ताई, या.

तुमचीच,
मृणालिनी